साडेतीन टोपणं पाणी

मुंबईतला मिलन सबवे असो की अंधेरीचा, तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की हात आपसूक किल्लीकडे जातो. मागून हॉर्न कोकलत असतात आणि आपण सेल्फवर सेल्फ मारत राहतो. तो मोह आवरा. गाडी ढकलून कोरड्यात घ्या, बॉनेट उघडा आणि आधी एअर फिल्टरला हात लावून बघा.

डब्याच्या क्लिपा काढल्या की आत चुण्या घातलेला जाड कागद दिसतो. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते, ती सगळी या कागदातून गाळून जाते. तो भिजला की तंतू फुगतात आणि मधल्या छिद्रांत पाणी पृष्ठताणामुळे अडकून बसतं. छिद्र जितकं बारीक, तितकं ते चिवट. ओला पंचा तोंडावर धरून श्वास घेऊन बघा, म्हणजे इंजिनाचं पिकअप का जातं ते कळेल.

नुसती दमट हवा इंजिनाला बाधत नाही. दुसऱ्या महायुद्धात काही लढाऊ विमानांच्या इंजिनांत ताकद वाढवायला पाणी आणि मिथेनॉलचा फवारा मुद्दाम सोडत. भीती फवाऱ्याची नाही, घोटाची आहे.

१,२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० घनसेंटिमीटर येतात. संपीडन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन तळाला असतानाची जागा तो वर असतानाच्या जागेच्या किती पट, ते १० धरलं, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा फक्त ३३ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाची १० मिलीची साडेतीन टोपणंसुद्धा नाहीत! हवा दाबली जाते, पाणी जवळपास दाबलंच जात नाही. पिस्टन वाटेतच थबकतो, बाकीचं इंजिन मात्र फिरू पाहतं आणि पिस्टनला बाकीच्या इंजिनाशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात संपीडन जास्त, म्हणजे ही जागा आणखी तोकडी.

म्हणून फिल्टर काढला की त्याच्या पलीकडची, इंजिनाकडची बाजू बघायची. ती कोरडी असेल तर डबा पुसा, तळाच्या भोकात अडकलेला पालापाचोळा काढा, नवा फिल्टर बसवा. पलीकडेही पाणी असेल, तर किल्लीला हात नको, टोइंग बोलवा. ऑइलची पट्टीही ओढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर पाणी खालपर्यंत पोचलंय.

आमच्या मेकॅनिकने एकदा अशा गाडीचं पेट्रोल आणि इग्निशन तोडून चारही प्लग काढले आणि मग सेल्फ मारला. एका भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट त्याच्या बनियनवर! तो हसला, कारण रॉड वाचला होता.

भिजलेला फिल्टर हेअर ड्रायरने वाळवून परत लावणारे महाभाग आहेत. त्या गाडीचा फिल्टर मी उन्हात ठेवून पाहिला. दोन दिवसांनी चुण्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यांच्यात चिखलाची पापडी धरली होती, आणि एका कोपऱ्यात, रबराच्या कडेला, कागद नखभर फाटला होता. तेवढ्या फटीतून धूळ न गाळताच सिलिंडरमध्ये गेली असती.