नकाशा घडीवरच का फाटतो? कागद पावसातून वाचवण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

भिजलेला नकाशा क्वचितच मधोमध फाटतो. तो जातो घड्यांवर, आणि त्यातही आडवी आणि उभी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे. आधी टाचणीच्या टोकाएवढे भोक, मग चीर, मग दोन तुकडे. गेल्या दोनशे वर्षांतले जवळजवळ सगळे उपाय या एका जागेभोवतीच फिरले आहेत.

कागदातले सेल्युलोजचे तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी शिरले की हे बंध सुटतात आणि साध्या कागदात कोरड्या ताकदीचा दहावा हिस्साही उरत नाही. घडीवर तंतू आधीच मोडलेले असल्याने तिथे काहीच शिल्लक राहत नाही. १८०७ मध्ये जर्मनीच्या मोरिट्झ इलिगने लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळण्याची पद्धत मांडली. त्यामुळे पाणी उशिरा शिरू लागले, पण शिरल्यावर कागद तसाच लिबलिबीत होई. शिवाय तुरटीतल्या आम्लामुळे तो काही दशकांत ठिसूळ होई, म्हणजे घडी आणखी कच्ची.

प्रवासी नकाशांसाठी त्याआधीपासून वेगळी युक्ती होती: नकाशा आयतांत कापायचा आणि तुकड्यांमध्ये साधारण दोन मिलिमीटर फट ठेवून खळीने लिननवर चिकटवायचा. घडी कापडावर पडते, कागदावर पडतच नाही. कल्पना इतकी चोख की एकोणिसाव्या शतकातले असे नकाशे आजही घडीवर शाबूत सापडतात. तोटे दोन. पिठाची खळ ओलाव्याने सुटते आणि तिला बुरशी लागते. दुसरा तोटा मोजणीचा: १:५०,००० प्रमाणावर दोन मिलिमीटरची फट म्हणजे १०० मीटर. अंतर मोजताना सात फटी ओलांडल्या तर ७०० मीटर फुकटचे वाढतात, म्हणून प्रत्येक फट वजा करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातून सैनिकांना निसटायला मदत करणाऱ्या ब्रिटनच्या एमआय-९ या गुप्त विभागाने कागदच सोडला. ख्रिस्टोफर क्लेटन हटन यांच्या पुढाकाराने सुटकेचे नकाशे रेशमावर छापले गेले. शाई कापडात पसरू नये म्हणून तिच्यात पेक्टिन मिसळले. रेशीम चुरगळले, भिजले, पिळले तरी चालते आणि कपड्यात लपवताना कुरकुरत नाही.

त्याच काळात अमेरिकी लष्कराच्या नकाशांसाठी लगद्यात मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड राळ घातलेला कागद वापरात आला. इथे विचारच बदलला. पाणी अडवण्याऐवजी तंतूंमध्ये पाण्याने न सुटणारे बंध तयार करायचे. असा कागद पाणी पितो, ओला लागतो, पण फाटायला वेळ घेतो. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘ओला असताना मजबूत’ हे दोन वेगळे गुण आहेत, आणि नकाशा विकत घेताना बहुतेकांची गल्लत इथेच होते.

प्लास्टिकचा थर चढवणे म्हणजे पुन्हा पाणी अडवण्याकडे परतणे. लॅमिनेशन कागदाच्या काठाला लागून कापले की पाणी काठातून आत चढते आणि फिल्मखाली कागद करडा पडून फुगतो. म्हणून चारही बाजूंनी तीन ते पाच मिलिमीटर निव्वळ फिल्म सोडायची. पॉलिएस्टरची जाड फिल्म घडीवर पांढरी पडून तडकते. पातळ फिल्म जास्त टिकते, किंवा आधी घड्यांच्या रेषेवर कापून तुकड्यांत फट ठेवून लॅमिनेट करायचे. लिननवाल्यांची युक्ती इथे फिल्मवरही चालते.

ब्रशने लावायची पाणी अडवणारी द्रावणे स्वस्त, पण आधी कोपऱ्यावर शाई तपासावी. ऑफसेटची तेलकट शाई पाण्याला दाद देत नाही, मात्र द्रावणातल्या सॉल्व्हंटने विरघळू शकते. इंकजेटची डाय (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) शाई तर साध्या थेंबानेही पसरते. मेण लावले तर पेन्सिल नीट चालत नाही.

नकाशाच्या पिशवीचा इतिहास छोटा आहे. सुरुवातीच्या खिडक्या सेल्युलॉइडच्या होत्या. पिवळ्या पडायच्या आणि पटकन पेट घ्यायच्या. नंतर मऊ पीव्हीसी आले. ते थंडीत कडक होऊन तडकतेच, शिवाय त्यातले मऊपणा देणारे रसायन लेझर प्रिंटचा टोनर (शाईची पूड) उचलते आणि नकाशा खिडकीला चिकटतो. पॉलियुरेथेनच्या पिशव्यांत हा त्रास बराच कमी. पिशवी कुठलीही असो, दमट हवा आत कोंडली तर गारव्यात आतूनच दव धरते.

ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९५५ मध्ये आढळलेल्या पॉलिइथिलीनच्या तंतूंतून टायव्हेक हा कागदासारखा कृत्रिम पत्रा तयार झाला आणि १९६७ पासून तो बाजारात आला. अशा कृत्रिम पत्र्यांत हायड्रोजन बंध नसतात, त्यामुळे पाण्याने सुटायलाही काही नसते. मात्र पॉलिइथिलीन साधारण १३५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून टायव्हेक लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. घरी छापायचे तर लेझरसाठीच बनवलेला पॉलिएस्टरचा पत्रा घ्यावा.

साधा कागद भिजलाच, तर तिथल्या तिथे उलगडू नये. घडी तशीच ठेवून टॉवेलमध्ये दाबावी, अर्धवट वाळल्यावर एकेक पान उघडावे, आणि छेदबिंदू सर्वांत शेवटी.