दक्षिण अमेरिका

क्षेत्रफळाने जगातील चौथ्या क्रमांकाचे खंड. क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ७८ लाख चौ. किमी., लोकसंख्या सुमारे ४३ कोटी. खंडात बारा स्वतंत्र देश असून ईशान्येकडील फ्रेंच गियाना हा फ्रान्सचाच भाग आहे. उत्तरेस कॅरिबियन समुद्र, पूर्वेस अटलांटिक, पश्चिमेस प्रशांत महासागर; वायव्येस पनामाच्या चिंचोळ्या भूपट्टीने ते उत्तर अमेरिकेला जोडलेले आहे. उत्तर-दक्षिण लांबी साधारण साडेसात हजार किमी. क्षेत्रफळ आणि लोकसंख्या या दोहोंतही जवळपास निम्मा वाटा एकट्या ब्राझीलचा.

नकाशा पाहिला की दोन गोष्टी लगेच नजरेत भरतात. सर्वांत उंच डोंगर एकाच बाजूला, पश्चिम किनाऱ्याला खेटून उभे आहेत आणि मोठी शहरे बहुतेक सगळी कडेकडेने वसली आहेत. मधला अफाट प्रदेश विरळ वस्तीचा. लोकसंख्येची घनता दर चौ. किमी.ला पंचवीसच्या आसपास आहे. महाराष्ट्रात ती २०११ च्या जनगणनेनुसार ३६५ होती. मध्यभाग विरळ राहण्याचे काही श्रेय डोंगरांना आणि अरण्याला जाते, पण सगळे नाही. उरलेला हिशेब इतिहासाकडे मागावा लागतो.

अँडीज

व्हेनेझुएलापासून खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत सुमारे ७,००० किमी. पसरलेली ही जमिनीवरील सर्वांत लांब पर्वतरांग. अर्जेंटिनातील अकोंकाग्वा (सुमारे ६,९६० मी.) हे आशियाबाहेरचे सर्वोच्च शिखर. प्रशांत महासागराच्या तळाचा नाझ्का भूपट्ट खंडाच्या खाली सरकत असल्याने ही रांग उचलली गेली आणि अजूनही उचलली जात आहे. ज्वालामुखी आणि भूकंप हे त्याचेच परिणाम. २२ मे १९६० रोजी चिलीतील वाल्दिव्हिया भागात झालेला ९.५ तीव्रतेचा भूकंप हा उपकरणांनी नोंदवलेला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप होय. त्याच्या त्सुनामी लाटांनी प्रशांत महासागर ओलांडून हवाई आणि जपानमध्येही बळी घेतले.

मराठी वाचकाला या रचनेची ओळख सह्याद्रीवरून पटकन पटेल. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किमी.वर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ करून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. ॲमेझॉनचे उगमप्रवाहही प्रशांत महासागरापासून दोनशे किमी.च्या आत सुरू होतात आणि सारे खंड ओलांडून अटलांटिकला जातात. पावसाची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. सह्याद्रीची समुद्राकडची बाजू भिजते. पेरू आणि उत्तर चिलीत समुद्राकडचीच बाजू कोरडी ठाक. कारण इथे बाष्प घेऊन येणारे वारे पूर्वेकडून, अटलांटिकवरून येतात आणि अँडीजच्या पूर्व उतारावर रिते होतात. पश्चिम किनाऱ्यालगत दक्षिणेकडून हम्बोल्ट हा थंड प्रवाह वाहतो. त्यामुळे किनाऱ्यावरची हवा गार राहते, वर उठत नाही. ढग येतात, पण बरसत नाहीत. चिलीतील अरिका या बंदरात वर्षाला सरासरी १ मिमी. एवढाही पाऊस पडत नाही. अटाकामा वाळवंटाच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर काही ठिकाणी उभ्या जाळ्या लावून धुक्यातले थेंब गोळा करतात आणि ते पाणी वस्तीला पुरवतात.

पाऊस नसल्यामुळेच अटाकामात सोऱ्याचे थर विरघळून न जाता टिकले. या खनिजावरून चिलीने पेरू आणि बोलिव्हियाशी १८७९ मध्ये युद्ध छेडले. त्यात बोलिव्हियाने आपला सगळा समुद्रकिनारा गमावला. तरीही बोलिव्हियाने नौदल ठेवले आहे. ते ३,८०० मी. उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात आणि नद्यांवर गस्त घालते. समुद्र परत मिळावा ही मागणी तिथे अजून जिवंत आहे. आज याच कोरड्या पठारांवरच्या मिठागरांखाली जगातील लिथियमचा फार मोठा साठा आहे.

हम्बोल्ट प्रवाहाबरोबर खोल पाण्यातली पोषकद्रव्ये वर येतात आणि पेरूच्या समुद्रात अँचोव्ही मासा अमाप होतो. काही वर्षांनी मात्र हे पाणी तापते. ‘एल निन्यो’ हे नाव त्याला इथल्या कोळ्यांनीच दिले. १९७० साली पेरूची अँचोव्हीची पकड १ कोटी २० लाख टनांवर पोचली होती. अतिमासेमारी आणि त्यात १९७२ चा एल निन्यो, यांनी हा धंदा पार कोसळला. महाराष्ट्रात ज्याला आजही नुसते ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात तो याच वर्षीचा. प्रत्येक एल निन्योला आपल्याकडे पाऊस दगा देतोच असे नाही, पण पेरूच्या किनाऱ्यावरचे तापमान मॉन्सूनच्या अंदाजात धरावे लागते.

उंचीवरची वस्ती

विषुववृत्ताजवळ सखल भागात उकाडा आणि रोगराई, तर दोन-तीन हजार मीटरांवर सुखद हवा. म्हणून इथे माणूस वर चढला. बोगोता, किटो, कुस्को ही शहरे अशीच वसली. पायथ्याशी केळी आणि कोको, त्यावर कॉफी, मग मका, मग बटाटा, आणि शेतीची मर्यादा संपल्यावर लामा-अल्पाकांची कुरणे, असा पिकांचा क्रम एकाच उतारावर चढत जातो. एकाच समूहाची माणसे वेगवेगळ्या उंचींवर शेती करून आपसांत देवाणघेवाण करीत. पंधराव्या शतकात उभे राहिलेले इंका साम्राज्य याच व्यवस्थेवर पोसले गेले. तिथे चाकाची वाहने नव्हती, लिपी नव्हती. दोरांच्या गाठींमधून हिशेब ठेवले जात.

बटाटा माणसाळवला गेला तो टिटिकाकाच्या परिसरात, काही हजार वर्षांपूर्वी. तो टिकवण्याची तिथली रीत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत लहान बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. ते गोठतात. दिवसा कडक उन्हात सुटतात. असे काही दिवस झाले की घरची माणसे ते अनवाणी पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात आणि पुन्हा वाळवतात. हा ‘चुन्यो’ दगडासारखा कठीण, वजनाला हलका होतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. पीक बुडाले तरी कोठार भरलेले राहते.

बोलिव्हियाच्या ला पाझ शहरात उंचीचा प्रश्न अजून रोजचा आहे. शहर एका खोल दरीत, सरासरी ३,६०० मी.वर आहे. श्रीमंत वस्त्या तळाशी, कारण तिथे थंडी कमी आणि श्वास सोपा. वरच्या पठारावर, चार हजार मीटरांच्याही वर, एल आल्तो हे प्रामुख्याने आयमारा या मूलनिवासी लोकांचे शहर. २०१४ पासून केबलकारच्या मार्गांनी ही दोन्ही शहरे जोडली. कामगार, शाळकरी मुले, बाजाराची गाठोडी घेतलेल्या बायका रोज त्यातून वर-खाली करतात.

ॲमेझॉनचे खोरे

सुमारे ७० लाख चौ. किमी.चे हे खोरे जगात सर्वांत मोठे. समुद्राला मिळणाऱ्या जगातील नदीजलापैकी सुमारे पंचमांश पाणी एकटी ॲमेझॉन ओतते. उतार इतका मंद की मुखापासून सुमारे ३,६०० किमी. आत असलेल्या पेरूतील इक्वितोसपर्यंत सागरी जहाजे येऊ शकतात; बाकीच्या देशातून त्या शहराला रस्ता मात्र नाही.

हे अरण्य माणसाचा हात न लागलेले आहे, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. १५४२ मध्ये नदीने अटलांटिकपर्यंत गेलेल्या ओरेयाना या स्पॅनिश मोहीमकाराच्या तुकडीने काठावर दाट वस्त्या पाहिल्याचे सांगितले होते. पुढे त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. युरोपीयांबरोबर आलेल्या देवी-गोवरासारख्या रोगांनी माणसे मेली आणि वस्त्यांवर रान माजले. कोळसा, हाडे, खापरे मिसळून माणसांनी घडवलेली सुपीक काळी माती खोऱ्यात जागोजागी सापडते. इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची रस्ते-चौथऱ्यांची नगरे असल्याचे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कसाव्याचा कंद याच भागातल्या लोकांनी पिकाऊ केला. आपल्या उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा (भारतात तो कसाव्यापासूनच होतो), शेंगदाणा आणि बटाटा, तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे.

किनाऱ्यावरची माणसे

१४९४ च्या तोर्देसिल्यास करारानुसार स्पेन आणि पोर्तुगाल यांनी जग वाटून घेतले. १५०० मध्ये भारताकडे निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल वाटेत ब्राझीलला लागला आणि तिथून पुढे कालिकतला आला. गोव्यात आणि कोकणात रुजलेला काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आणला. वसाहतीचा हेतू माल बाहेर नेण्याचा, म्हणून शहरे बंदरांभोवती वाढली. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि ती काढण्यासाठी मूलनिवासींना वेठीला धरण्यात आले. उसाच्या मळ्यांसाठी सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलला आणली गेली. इतके गुलाम दुसऱ्या कोणत्याही देशात नेले गेले नाहीत. दोन्ही अमेरिकांतील देशांत ब्राझीलने गुलामी सर्वांत शेवटी, १८८८ मध्ये रद्द केली. गयानात १८३८ पासून आणि सुरिनाममध्ये १८७३ पासून भारतीय मजूर करारावर आले, बहुसंख्य भोजपुरी मुलखातले. इटालियन, जर्मन आणि १९०८ पासून जपानी स्थलांतरितांनी साओ पाउलो घडवले. भाषांत स्पॅनिश आणि पोर्तुगीज मुख्य. केचुआ, आयमारा या मूलनिवासी भाषाही टिकून आहेत. पराग्वेत ग्वारानी ही भाषा मूलनिवासींच्या घरांपलीकडे पोचून बहुतेक सगळ्यांची बोली झाली आहे.

आतल्या प्रदेशाकडे

ब्राझीलने १९६० मध्ये राजधानी रिओहून उचलून मधल्या पठारावर, नव्या ब्राझिलियात नेली. तिथल्या आम्ल मातीत चुना घालून सोयाबीन पिकवण्याचे तंत्र पुढे बसले. आंध्रच्या ओंगोल गुरांचे वंशज आज ब्राझीलच्या गोमांस-उद्योगाचा कणा आहेत. याची किंमत अरण्याने मोजली: ॲमेझॉनचे सुमारे सहाव्या हिश्शाहून अधिक जंगल गेले आहे. हे जंगल बाष्प पुन्हा हवेत सोडते आणि अँडीजला अडून दक्षिणेकडे वळणारी ती हवा ब्राझील-अर्जेंटिनाच्या शेतांवर बरसते, म्हणजे सोयाबीनचे पाणीही जंगलातूनच येते. ब्राझीलच्या मानाउस बंदरात रिओ नेग्रो या ॲमेझॉनच्या उपनदीच्या पातळीची नोंद १९०२ पासून ठेवली जाते. २०२३ मध्ये ती तोवरच्या नीचांकावर गेली आणि २०२४ मध्ये त्याहूनही खाली उतरली. नदीवर अवलंबून असलेल्या गावांना अन्न आणि पिण्याचे पाणी पोचवणे कठीण झाले.