डुकरांचा खोकला: मायकोप्लाझ्मा की एपीपी?

कळपात खोकला सुरू झाला की सरसकट ‘न्यूमोनिया’ म्हणून एकच औषध दिले जाते. पण मायकोप्लाझ्मा हायोन्युमोनिये आणि अ‍ॅक्टिनोबॅसिलस प्ल्युरोन्युमोनिये (एपीपी) हे जिवाणू अगदी वेगळ्या चालीने पसरतात.

मायकोप्लाझ्मा संथ आहे. लागण झाल्यावर खोकला दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. डुकरांना उठवले की कोरडा खोकला ऐकू येतो. खाणे चालू असते, वजन मात्र हवे तसे वाढत नाही. मरतुक थोडी, पण हळूहळू जवळजवळ सगळा कळप बाधित होतो. आईकडून पिल्लांना लागण होते आणि तिथून ती कप्प्याकप्प्यांत फिरते. हा जिवाणू वाऱ्यावर दूरवर जातो; अमेरिकेत बाधित कळपापासून ९.२ किलोमीटरवरच्या हवेत तो सापडला आहे. लागण झालेले डुक्कर दोनशे दिवसांनंतरही रोग देऊ शकते. म्हणून नव्या जनावरांना महिनाभर वेगळे ठेवून ती निर्धोक झाली असे समजणे ही मोठी चूक.

एपीपी तासांत घात करतो. काल धडधाकट असलेले डुक्कर सकाळी मेलेले आढळते, नाकातोंडाशी रक्ताळलेला फेस. बाकीच्यांना ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास ताप, तोंड उघडून श्वास. एपीपीचा प्रसार मुख्यतः नाकाला नाक लागून किंवा अगदी जवळच्या हवेतून होतो, म्हणून शेजारचे कप्पे आधी सांभाळावेत. बरे झालेले डुक्कर टॉन्सिलमध्ये जिवाणू बाळगून राहते आणि पुढच्या गटाला देते.

शवविच्छेदनात फरक बराच स्पष्ट होतो. मायकोप्लाझ्मात फुप्फुसाचा पुढचा-खालचा भाग जांभळट-करडा आणि मांसासारखा घट्ट होतो. एपीपीत मागच्या-वरच्या भागात गडद, रक्ताळ, टणक गाठी असतात. वर फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) थर आणि फुप्फुस बरगड्यांना चिकटलेले. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून नमुने प्रयोगशाळेत पाठवावेतच.

औषधात गफलत महागात पडते. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर (बाहेरच्या भिंतीवर) घाव घालते; मायकोप्लाझ्माला ती भित्तिकाच नाही, त्यामुळे पेनिसिलिन निरुपयोगी. पशुवैद्य टियाम्युलिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखे औषध निवडतात. एपीपीत आजारी डुक्कर खातपीत नाही, म्हणून खाद्यातले औषध त्याच्या पोटात जातच नाही. त्याला इंजेक्शनच हवे, तेही लगेच, आणि औषध संवेदनशीलता चाचणी (जिवाणूवर कोणते औषध लागू पडते याची तपासणी) पाहून ठरवलेले. मायकोप्लाझ्माची लस फुप्फुसाची हानी कमी करते, प्रसार पूर्ण थांबवत नाही. त्यामुळे लस दिल्यावरही एक गट पूर्ण बाहेर काढून, कप्पा धुऊन, वाळवूनच दुसरा गट आत घ्यावा.