घोळीच्या जुडीतलं फुलपाखरू

पावसाळ्यात नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात घोळीच्या जुड्या दिसू लागतात. लालसर देठ आणि बोटात चुरडली की पाणी सुटेल अशी मांसल पानं. भाजी म्हणून आपण ती पैसे देऊन घेतो, आणि शेतात हीच घोळ तण म्हणून उपटून बांधावर टाकली जाते. ह्याच घोळीवर डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी अंडी घालते. मराठीत त्याला छोटा चांदवा म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या अनुसूचींची फेररचना २०२२च्या दुरुस्तीत झाली. तोवर हा छोटा चांदवा पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला बसलेला होता.

मग तो दुर्मीळ असेल असं कुणालाही वाटेल. तसं नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी पाऊस ओसरल्यावर उन्हात बसलेला नर मला दर वर्षी भेटतो. काळाभोर रंग, त्यावर पांढरे ठसठशीत ठिपके आणि ठिपक्यांच्या कडेला पंख कलला की चमकून जाणारी जांभळी झाक. मादी मात्र सहज ओळखू येत नाही. ती बिबळ्या कडव्याची, म्हणजे प्लेन टायगरची, हुबेहूब नक्कल करते. कडव्याचे सुरवंट रुईवर वाढतात, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. चांदव्याच्या मादीला विष नसूनही त्याचा फायदा मिळतो. दोघांतला फरक मागच्या पंखावर आहे. कडव्याच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. चांदव्याच्या मादीला वरच्या कडेजवळ फार तर एक. माझ्या जुन्या फोटोंमध्ये दोन माद्या कडवा म्हणून पडून होत्या. ठिपके मोजले तेव्हा कळलं.

हे इतकं सांगायचं कारण असं, की देशातली कोणती फुलपाखरं धोक्यात आहेत हे ठरवायचं काम अशा ठिपक्यांपाशी सुरू होतं. कायद्याची अनुसूची आणि धोक्याची यादी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणाला पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे, हे अनुसूची सांगते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी, जी १९६४पासून चालू आहे, ती विचारते: हा जीव नाहीसा होण्याची शक्यता किती?

उत्तर देण्याचे दोन मार्ग फुलपाखरांच्या बाबतीत जास्त वापरात येतात. पहिला, संख्या किती घटली. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, ह्यातला जो काळ मोठा असेल त्यात, साधारणपणे ३० टक्के घट झाली तर प्रजाती धोक्यात धरतात. ५० आणि ८० टक्क्यांवर त्याहून वरच्या पायऱ्या आहेत. फुलपाखराची पिढी काही आठवड्यांत उलटते, म्हणून इथे दहा वर्षंच धरावी लागतात. दुसरा मार्ग जागेचा. नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखायचे आणि प्रजाती ज्यात सापडते ते मोजायचे. एका चौकोनाचे चार चौरस किलोमीटर. बेरीज ५००च्या आत असेल, शिवाय अधिवास तुटक होत असेल आणि घट चालूच असेल, तर प्रजाती संकटग्रस्त ठरते.

खरी अडचण इथे येते. ज्या चौकोनात कुणी पाहिलंच नाही, तो रिकामा दिसतो. म्हणून न पाहिलेलं फुलपाखरू कागदावर दुर्मीळ होतं, आणि खरोखर घटत चाललेलं ‘अपुरी माहिती’च्या रकान्यात जाऊन पडतं. त्या रकान्याला बरेच जण सुरक्षित समजतात. ते मला फार चुकीचं वाटतं.

ब्रिटनने ह्यावर साधा उपाय केला. पोलार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने पद्धत बसवली: ठरलेली वाट, सावकाश चाल, उन्हाचा दिवस, डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्यातच दिसेल ते मोजायचं. दर आठवड्याला, तीच वाट. १९७६पासून हे चालू आहे. अशा नोंदींमुळे २०२२मध्ये तिथल्या ५८ प्रजातींपैकी २४ धोक्यात आहेत, असं ठामपणे सांगता आलं.

पण नुसती संख्या कळून भागत नाही. तिथलं लार्ज ब्लू नावाचं फुलपाखरू १९७९मध्ये नाहीसं झालं. त्याचा सुरवंट आधी एका रानझुडपाची फुलं खातो, मग विशिष्ट जातीच्या मुंग्या त्याला आपलं पिल्लू समजून वारुळात नेतात, आणि तो आत बसून त्यांचीच पिल्लं खातो. लोकांनी त्याला जपायला कुरणं कुंपण घालून बंद केली. गुरं थांबली, गवत वाढलं, जमिनीला ऊन लागेना, आणि त्या मुंग्या निघून गेल्या. कारण समजलं तेव्हा गवत पुन्हा चारून आखूड केलं, स्वीडनहून फुलपाखरं आणली. २०२२च्या यादीत ते अतिसंकटग्रस्त पायरीवरून बरंच खाली आलं आहे.

मला आपले माळ आठवतात. अंजनेरीचं पठार तिथल्या खरचुडी नावाच्या वनस्पतीमुळे प्रसिद्ध झालं आणि तिच्याकडे लोकांचं लक्षही गेलं. पण सरकारी कागदावर ‘पडीक’ असलेल्या माळावरचं ग्रास ज्युएल नावाचं फुलपाखरू कोण पाहतं? बोटाच्या नखाएवढं, बंद पंखाच्या कडेला नारिंगी वळयातले काळे ठिपके, त्यात धातूसारखा हिरवा कण. पाहायला गुडघे टेकून बसावं लागतं. असे माळ खड्डे खणून झाडं लावण्यात जातात, प्लॉटिंगमध्ये जातात, फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात जळतात, आणि आधी तिथे काय होतं हे कुठेच लिहिलेलं नसतं.

नोंदीत काय हवं? वरची आणि खालची, दोन्ही बाजू दिसणारा फोटो, तारीख, नेमकी जागा आणि शक्य तर झाड कोणतं. सप्टेंबरात देशभर फुलपाखरू महिना होतो, तेव्हा हे भरपूर होतं. ऑक्टोबरला मात्र वाटा सुन्या पडतात. दिसलं नाही तर शून्य लिहायचं, हे सगळ्यांत अवघड. लोकांना ती नोंद वाटतच नाही.

माझ्या मोजणीच्या वाटेवर एका कुंपणाकडेला घोळीचा पट्टा होता. गेल्या वर्षी तिथे कुणीतरी तणनाशक मारलं. त्यानंतरच्या सगळ्या आठवड्यांत माझ्या वहीत चांदव्यापुढे शून्य आहे. यंदा जुलैत घोळ परत फुटली आहे. मी पानं उलटून अंडी शोधते आहे, अजून सापडलेली नाहीत.