थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीला घोडाच बरा होता

मोटारीच्या वेगापुढे घोडागाडी हरली, असं आपण सहज म्हणून जातो. पण 1917 साली फोर्डने अमेरिकेत ‘मॉडेल टीटी’ या एक टनी ट्रकची चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसह नुसता सांगाडा, 600 डॉलरला विकायला काढली, तेव्हा तिचा सुरक्षित वेग ताशी जेमतेम 24 किलोमीटर होता. बेकरीवाल्याला किंवा किराणा दुकानदाराला दोनच गोष्टी पाहायच्या होत्या: गाडी दिवसात किती लांब जाते आणि वाटेत किती दारांशी थांबते.

लांब पल्ल्याला घोडा कमी पडे. दिवसाला साधारण तीस किलोमीटर झाले की तो थकला. वैरण-दाणा मिळून रोज दहा किलोच्या आसपास खाणं, आणि ते सुट्टीच्या दिवशीही. शिवाय तबेला, नाल, लीद उचलणं. ट्रक बंद करून उभा असताना पेट्रोल पीत नाही, हा फरक छोट्या दुकानदाराला लगेच पटला.

थांबलेली गाडी हलवताना मात्र पारडं फिरतं. घोडा उभ्या जागेवरून सगळ्यात जोराची ओढ लावू शकतो. संथ चालीत तो स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं ओढतो, पण जड गाडीला हिसका देताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. इंजिन बंद असलं तर त्याची ओढ शून्य. टीटीचं 2.9 लिटरचं, 20 अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला 900 फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) देई, तोही सुमारे 112 न्यूटन-मीटर. म्हणून मागच्या अ‍ॅक्सलला 7.25 पट गुणोत्तराचा वर्म गिअर (स्क्रूसारख्या दात्यांचा गिअर) बसवला. खालच्या गिअरचे 2.75 पट त्यात गुणले की चाकाला जवळपास 20 पट पीळ मिळे, घर्षणात जाईल तेवढा सोडून. पीळ जितक्या पट वाढतो, तितक्या पट चाकाचा वेग घटतो; वेग कमी का, याचं उत्तरही या 7.25 मध्येच आहे.

खालचा गिअर म्हणजे डावं पेडल, आणि ते चढ संपेपर्यंत दाबून धरायचं. पेडल एका ड्रमभोवतीचा कापडी अस्तराचा पट्टा आवळतं. पट्टा सैल राहिला तर घसरतो, तापतो, जळतो. झिजलेल्या अस्तराचे धागे तेलात मिसळून तेलाची नळी तुंबवतात आणि मग बेअरिंग जातं. पट्टे वेळेवर आवळणं ही म्हणूनच चालवणाऱ्याची पहिली सवय हवी.

सुरू करण्याचीही रीत होती. हँडब्रेक पूर्ण मागे ओढायचा, म्हणजे क्लच सुटतो, इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. स्पार्कचा दांडा वर, म्हणजे ठिणगी उशिरा. इंजिनाला इंधन-हवा सोडणारा थ्रॉटल थोडा उघडा. रेडिएटरजवळची चोकची (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी) तार ओढायची आणि गाडीच्या पुढचं, इंजिन फिरवायचं हँडल डाव्या हाताने खालून वर खेचायचं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटं फिरतं. हँडलभोवती अंगठा वेढलेला असेल तर मनगट मोडतं. थंडीत तेल घट्ट होऊन क्लचच्या चकत्या चिकटलेल्या राहत आणि हँडल मारताच गाडी मारणाऱ्याच्याच अंगावर सरके. त्यावर उपाय म्हणून एक मागचं चाक जॅकवर उचलत.

एवढं सगळं दर दाराशी कोण करणार? इंजिन चालू ठेवावं तर पेट्रोल जळे. म्हणूनच घरोघर माल पोचवणाऱ्या कित्येक बेकऱ्यांनी आणि मोठ्या दुकानांनी विजेचे ट्रक घेतले: हँडल नाही, थांबल्यावर खर्च नाही, रात्री तबेल्याऐवजी चार्जिंग. दूधवाल्यांनी मात्र घोडा सर्वांत उशिरा सोडला. रतीब पाठ झालेला घोडा बाटल्या घेऊन जिने चढणाऱ्या मालकाच्या जोडीने, कुणी न हाकता, पुढच्या दाराशी जाऊन उभा राही.