मृत्युपत्र वेगळं, कोर्टाची वही वेगळी: व्हर्जिनियातलं जुनं घराणं शोधताना होणारा घोळ

माझं सासर व्हर्जिनियातलं. घराणं खूप जुनं, अमेरिका नावाचा देश व्हायच्या आधीपासून तिथेच शेती करणारं. माझ्या माहेरची वंशावळ नाशिकला आमच्या गुरुजींच्या वहीत आहे, पणजोबांच्या सहीसकट, त्यामुळे मुलांना आईकडची नावं दाखवणं सोपं गेलं. बाबांकडची दाखवायला बसले तेव्हा कळलं की इकडे तशी वही नाही, जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी नाहीत, चर्चची रजिस्टरं बरीचशी गेलेली, आणि हातात राहतात मुख्यतः दोनच गोष्टी: मृत्युपत्र, म्हणजे विल, आणि काउंटी कोर्टाचं दप्तर (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). गंमत म्हणून सुरू केलेलं हे काम आता चार वर्षं चाललंय, आणि सगळ्यात जास्त चुका मला एकाच ठिकाणी दिसतात: लोक या दोघांना एकच धरून चालतात, विल मिळालं की फॅमिली पूर्ण मिळाली असं समजतात आणि तिथेच थांबतात.

विल म्हणजे एका माणसाने एका दिवशी, बहुतेक वेळा अंथरुणाला खिळल्यावर, आपल्याला जे सांगायचं ते सांगितलेलं. कोर्टाची वही, तिला इकडे ऑर्डर बुक म्हणतात, ती तशी कोणाच्याच मनातली नसते, महिन्यातून एकदा कोर्ट भरायचं आणि समोर जे आलं ते क्लार्क दोन-दोन ओळीत लिहून टाकायचा. व्हर्जिनियात १६३४ मध्ये वसाहतीचे आठ भाग पाडले, त्यातून ही काउंटी कोर्टं उभी राहिली, आणि तिथे बसणारे जस्टिस हे शिकलेले वकील नव्हते, गावातलेच बडे जमीनदार होते. घोळ कशाने होतो तर विलसुद्धा याच कोर्टात सिद्ध करावं लागायचं, साक्षीदार येऊन शपथ घ्यायचे आणि मग क्लार्क त्याची नक्कल विल बुकमध्ये उतरवायचा. आज आपण वाचतो ती बहुतेक वेळा ही नक्कल. मूळ कागद गेलेला असतो, सही त्याची नसते, अंगठ्याच्या जागी जी खूण असते तीसुद्धा क्लार्कने बघून काढलेली, आणि नावाच्या स्पेलिंगवर तर अजिबात जाऊ नका.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर आजोबांचं मृत्युपत्र आणि तलाठ्याकडची वारसनोंद. एकात इच्छा असते, दुसऱ्यात प्रत्यक्षात कोण पुढे आलं ते असतं. गावी जमीन असलेल्या कोणालाही हा फरक समजावून सांगायला लागत नाही.

तारखांचंच बघा. विलवर लिहिल्याची तारीख असते आणि कोर्टात सिद्ध झाल्याची वेगळी, माणूस या दोघांच्या मध्ये कधीतरी गेलेला असतो, एवढंच खात्रीने म्हणता येतं. जॉर्ज वॉशिंग्टनचे पणजोबा जॉन वॉशिंग्टन, इंग्लंडहून आलेले पहिले, त्यांनी विल १६७५ मध्ये लिहिलं आणि ते वारले १६७७ मध्ये. उलट जॉर्जचे वडील ऑगस्टीन यांचं विल ११ एप्रिल १७४३ चं आणि मृत्यू दुसऱ्याच दिवशी. ज्यांनी विलच्या तारखेला मृत्यूची तारीख म्हणून फॅमिली ट्रीमध्ये टाकलंय ते एका केसमध्ये एका दिवसाने चुकतील आणि दुसरीत दोन वर्षांनी. त्यात भर म्हणजे १७५२ च्या आधी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची तारीख १७३१/३२ अशी जोडून लिहिलेली दिसते, जॉर्जचा स्वतःचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१/३२ असाच लिहिला जातो. हे माहीत नसलं की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं, नाहीतर आई मेल्यावर.

आता माझ्या घरचं सांगते कारण मला हे इथेच शिकायला मिळालं. नवऱ्याच्या घराण्यातल्या एका माणसाचं विल १७४० च्या दशकातलं. बायको, तीन मुली आणि एक मुलगा, एक पिसांची गादी, लोखंडी भांडं, घोडी आणि तिचं शिंगरू, सगळं नावानिशी वाटलेलं. ऑनलाइन जितके ट्री आहेत सगळ्यांत चारच मुलं. पण आमची शाखा ज्याच्यापासून निघते तो माणूस त्याच ओढ्याच्या काठावर, त्याच आडनावाचा, आणि त्याचा बाप कोण ते कोणालाच लागत नव्हतं, कोणी त्याला पुतण्या केलं होतं, कोणी दुसऱ्याच काउंटीतून आणलं होतं. मी ऑर्डर बुक पानापानाने वाचायला घेतलं, मायक्रोफिल्मवरून, रात्री मुलं झोपल्यावर, त्या अक्षराची सवय व्हायलाच तीन आठवडे गेले कारण शब्दातला एस हा एफसारखा दिसतो. विलनंतर सहा वर्षांनी बांधावरून झालेल्या एका साध्या भांडणाची नोंद, आणि तिथे त्याच्या नावापुढे चार शब्द: मोठा मुलगा आणि कायदेशीर वारस. मी नवऱ्याला उठवलं. खरंच उठवलं.

विलमध्ये त्याचं नाव का नव्हतं? कारण गरज नव्हती. व्हर्जिनियात ज्या जमिनीचं काय करायचं ते विलमध्ये लिहिलेलं नसेल ती कायद्यानेच थोरल्या मुलाकडे जायची, हा नियम १७८५ च्या कायद्याने काढला तोपर्यंत चालू होता, त्यामुळे बाप बाकीच्यांची सोय विलमध्ये करायचा आणि थोरल्याचं नाव घेतलंच पाहिजे असं नव्हतं. कधी थोरल्याला जिवंतपणीच बक्षीसपत्राने जमीन दिलेली असते. कधी विलमध्ये त्याला फक्त एक शिलिंग दिलेला असतो आणि लोक लगेच ठरवतात की बापलेकांचं फाटलं होतं, बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच की तुझं तुला पोचलंय. विलमध्ये नाव नसणं हा पुरावा नाही, कशाचाच नाही. आणि हे सगळं व्हर्जिनियाचं झालं हं, मॅसॅच्युसेट्समध्ये विल नसेल तर थोरल्याला दुप्पट वाटा आणि बाकी मुलांना एकेक, म्हणून एका वसाहतीचा नियम दुसरीला लावू नका.

शब्दांनीही फसायला होतं. सन-इन-लॉ लिहिलंय म्हणून जावईच असं नाही, त्या काळी सावत्र मुलालाही तेच म्हणायचे. कझिन म्हणजे कित्येकदा भाचा किंवा पुतण्या. इन्फंट म्हणजे तान्हं बाळ नाही, २१ च्या आतला कोणीही, वीस वर्षांचा मिशीवाला पोरगासुद्धा. ऑर्फन म्हणजे ज्याचा बाप गेलाय तो, आई घरात धडधाकट असली तरी. आणि ज्युनियर-सीनियर म्हणजे बापलेक असतीलच असं नाही, गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने लहान तो ज्युनियर, थोरला मेला की हाच सीनियर होतो. आमच्याकडे सीनियर-ज्युनियरवरून एका चुलत्याला बाप केलेलं मी स्वतः दुरुस्त केलंय.

मग विलच नसेल तर? बरेच जण म्हणतात विल नाही, शोध संपला, आणि मला हे ऐकवत नाही, कारण विल नसलेल्या माणसाचं कोर्टात जास्त लिहिलं जातं. विल असलं तर ते अमलात आणणारा एक्झिक्युटर स्वतः मयताने नेमलेला असतो, विल नसलं तर कोर्ट ॲडमिनिस्ट्रेटर नेमतं, जामीन घेतं, तीन-चार शेजाऱ्यांना घरी पाठवून चमच्यापासून गुरांपर्यंत यादी आणि किंमत करायला लावतं, मुलं लहान असतील तर पालक नेमतं, आणि १४ वर्षांवरचं मूल आपला पालक स्वतः निवडू शकायचं, म्हणजे तारखेसकट वयाचा अंदाज मिळाला ना.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण जॉर्जची बायको मार्था वॉशिंग्टन, तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस. १७५७ मध्ये वारला, प्रचंड श्रीमंत, विल न करता. कायद्याने विधवेला एक तृतीयांश, ते पण फक्त तिच्या हयातीपुरतं, याला डावर म्हणतात, आणि बाकी दोन मुलांचं. व्हर्जिनियाने १७०५ च्या कायद्याने गुलाम माणसांना वारसाहक्कापुरतं जमिनीसारखं धरलं होतं, त्यामुळे किमान ८४ जिवंत माणसं मार्थाच्या वाट्यात आली, वापरायला तिची, पण पुढे जाणार कस्टिसच्या वारसांकडे. आता १७९९ ला या. जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या विलमध्ये स्वतःच्या गुलामांना मुक्त करायचं लिहिलं, त्याच्या खास सेवेतला गुलाम विल्यम ली याला तर लगेच आणि वर्षाला तीस डॉलर. सगळे हे विल वाचतात आणि भारावतात. पण माउंट व्हर्ननवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या मळ्यावर, त्या वर्षी ३१७ गुलाम होते आणि त्यातले १५३ डावरचे, त्यांना मुक्त करायचा हक्क ना जॉर्जला होता ना मार्थाला. लग्नं तर या दोन गटांत आपापसात झालेली होती. मार्थाने जॉर्जच्या लोकांना १ जानेवारी १८०१ ला मोकळं केलं, ती १८०२ मध्ये गेली आणि डावरचे लोक चार नातवंडांत वाटले गेले, बाप मुक्त आणि बायकामुलं दुसऱ्याच्या मळ्यावर. नुसतं विल वाचून यातलं अर्धंच कळतं, उरलेलं ४२ वर्षांपूर्वी विल न करता मेलेल्या माणसाच्या कोर्टाच्या कागदांत आहे.

आणि ज्यांचे पूर्वज मयताच्या मालमत्तेच्या यादीत माल म्हणून लिहिलेत त्यांच्यासाठी ती यादी हाच कित्येकदा एकमेव धागा असतो. भांडी, डुकरं, आणि त्याच कागदावर माणसाचं पहिलं नाव आणि पुढे पौंडात किंमत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मुलांच्याच पूर्वजाच्या यादीत वाचलं, आणि मी ती नावं आमच्या ट्रीच्या नोट्समध्ये स्पेलिंगसकट टाकली आहेत, कोणीतरी शोधत येईल म्हणून. अजून एक, माणसं आणल्याबद्दल जमीन मागताना दिलेल्या १६३५ च्या एका यादीत टोनी नावाच्या ईस्ट इंडियन माणसाची नोंद आहे. हिंदुस्थानातून इतक्या लवकर कोणी इथे पोचलं होतं हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

बायकांचं तर विचारूच नका, विलमध्ये त्या 'माझी प्रिय पत्नी' एवढ्यावर संपतात, माहेरचं नाव नाही, पुढे काय झालं नाही. विधवा लवकर दुसरं लग्न करायच्या, आडनाव बदललं की ट्रीमधून गायब. ऑर्डर बुकमध्ये मात्र अमुक माणूस आणि त्याची बायको, जी पूर्वी तमुकची विधवा आणि एक्झिक्युटर होती, असं सरळ लिहिलेलं सापडतं, कारण जुन्या नवऱ्याची देणी आता नव्याच्या गळ्यात पडलेली असतात. जॉर्जची आजी मिल्ड्रेड हिचंच बघा. नवरा लॉरेन्स १६९८ मध्ये गेला, तिने जॉर्ज गेलशी लग्न केलं, मुलांना घेऊन इंग्लंडला व्हाइटहेवनला गेली आणि तिथेच वारली. मुलं सावत्र बापाकडे. लॉरेन्सचा चुलतभाऊ व्हर्जिनियात कोर्टात गेला म्हणून ती मुलं परत आली आणि त्यातला एक ऑगस्टीन. ते भांडण झालं नसतं तर ते पोर इंग्लंडातच वाढलं असतं.

दप्तरं जळालीत हे खरं आहे. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडला आग लागली तेव्हा जनरल कोर्टाची, म्हणजे वसाहतीच्या वरच्या कोर्टाची, कागदपत्रं गेली, आणि हॅनोव्हरसारख्या काउंट्यांनी सुरक्षित राहावं म्हणून तिथे पाठवलेली दप्तरंही गेली. मार्थाचं विल तर अमेरिकेच्या यादवी युद्धात फेअरफॅक्सच्या कोर्टातून एका सैनिकाने उचललं आणि ते १९१५ मध्ये परत आलं. अशा काउंटीत काम असेल तर शेजारच्या काउंटीच्या वह्या बघा, लोक सीमेपलीकडे उधारी करायचेच, आणि इंग्लंडात मालमत्ता असेल तर तिथल्या कँटरबरीच्या चर्च-कोर्टात विलची नक्कल मिळू शकते.

मी सध्या साक्षी वाचतेय. साक्ष देणाऱ्याचं वय लिहायची पद्धत होती, 'वय ५४ किंवा त्याच्या आसपास' असं, आणि पुढे तो जे बोलला ते. १६५६ मध्ये नॉर्थंबरलँड काउंटीत एलिझाबेथ की या मुलीने आपण गुलाम नाही म्हणून दावा लावला, तेव्हा ८० च्या आसपासची एक म्हातारी कोर्टात सांगून गेली की ही थॉमस की या इंग्रज जमीनदाराची मुलगी, अख्ख्या गावाला माहीत होतं आणि त्याला त्यावरून दंडही झाला होता. एलिझाबेथ सुटली. सहा वर्षांनी कायदाच बदलून टाकला, मूल आईच्या दर्जाचं, बाप कोणीही असो. आमच्या त्या थोरल्या मुलाचीही एक साक्ष असल्याचं सूचीत दिसतंय, १७६० च्या दशकातली, बहुतेक त्याच ओढ्याच्या हद्दीबद्दल. फिल्मचा नंबर मिळालाय, शनिवारी वाचायला जाणार आहे.