वजनाच्या औषधाला ‘कोर्स’ नसतो

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत एक समज वारंवार कानावर येतो: वजन कमी करण्याचे औषध तीन-चार महिने घेतले की कोर्स पूर्ण होतो आणि उतरलेले वजन तसेच राहते. हा समज चुकीचा आहे. वजन कमी करण्यासाठी दिले जाणारे सेमाग्लुटाइड हे औषध भूक आवरणाऱ्या संप्रेरकासारखे काम करते, त्यामुळे ते थांबवले की भूक पुन्हा डोके वर काढते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ६८ आठवड्यांनंतर औषध आणि आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही थांबवलेल्यांचे जवळपास दोन-तृतीयांश घटलेले वजन वर्षभरात परत आले. याला रुग्णाचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब वाढला तर आपण रुग्णाला दोष देतो का?

मळमळ-उलट्या आवाक्यात राहाव्यात म्हणून डॉक्टर आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून साधारण दर चार आठवड्यांनी मात्रा वाढवतात, आणि चरबीबरोबर स्नायूही घटतात म्हणून प्रथिने व व्यायामावर भर देतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असल्यास किंवा घरात थायरॉईडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास असल्यास ते आधीच सांगावे. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर हे औषध घेऊ नये. न वापरलेले इंजेक्शनचे पेन फ्रिजमध्ये ठेवावे. नागपूरच्या मे महिन्यात ते स्कूटरच्या डिक्कीत राहिले, तर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे.